स्टाफ कॉलेजचे इलेक्टिव्ह: ‘हलके विषय घ्या’ असा हट्ट बायकोने धरावा का?

तुमच्या मिस्टरांची अमेरिकेत फोर्ट लेव्हनवर्थच्या स्टाफ कॉलेजला, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या वरच्या शिक्षणाला, निवड झाली, त्याबद्दल आधी दोघांचं अभिनंदन. शेवटच्या टप्प्यात इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या आवडीचे ऐच्छिक विषय, निवडायचे असतात, तेव्हा घराला वेळ मिळावा म्हणून हलके विषय घ्यायला सांगू का, असं तुम्ही विचारलंय. मी सांगितलं होतं. आज तसं सांगणार नाही, पण गप्पही बसणार नाही.

आम्ही त्याच कोर्ससाठी कॅन्ससला गेलो तेव्हा लेक नऊ वर्षांची होती आणि हे दोन वर्षं फील्डला काढून आले होते. कोर्स दहा महिन्यांचा, जूनमध्ये संपणारा. आधीचा मोठा भाग सगळ्यांना सारखाच, त्यात निवडीला जागा नाही. वाचन इतकं की जेवतानाही ह्यांच्या डाव्या हाताला कागद असायचे. त्यामुळे वसंतात येणाऱ्या इलेक्टिव्हवर मी आस लावून बसले होते. या वर्षी तरी मुलीला बाप मिळावा हे माझं म्हणणं होतं, आणि ते मला आजही चूक वाटत नाही.

ह्यांनी त्यात लष्करी इतिहासाचा एक विषय घेतला, मोठा निबंध लिहायचा असलेला. मी दोन दिवस धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी निबंध कशावर ते कळलं: पहिल्या महायुद्धातला, आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराचा वेढा.

मी सातारा तालुक्यातली. आमच्याकडचं अपशिंगे तुम्ही ऐकलं असेल. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले ते परतले नाहीत. आमच्या घरी पणजोबांबद्दल एवढंच सांगतात, ‘बसऱ्याला गेले.’ तेही इराकमध्येच. कुतला तुर्कांनी वेढलेली फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यातल्या पूना डिव्हिजनची होती, हे मला ह्यांच्या टिपणांतून कळलं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. टायग्रिस नदीतून रसद न्यायला बोटी पुरेशा नव्हत्या, आणि घोड्याचं मांस खायला आपले कितीतरी शिपाई कित्येक दिवस तयार नव्हते. शेवटच्या दिवसांत शिपायाला मिळणारं पीठ किती ते ह्यांनी वाचून दाखवलं, तेव्हा मी तेवढं मोजून परातीत काढलं. जेमतेम दीड भाकरीचं होतं. लेक परातीकडे बघत म्हणाली, “दिवसभराला?”

मग मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी ट्रंकेतून पणजोबांचं पदक काढलं. त्या काळच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, हे ह्यांनी सांगेपर्यंत आमच्या घरात कुणी तिकडे पाहिलंच नव्हतं. बाबा भिंग लावून एकेक अक्षर वाचत होते. ११७.

त्यानंतर संध्याकाळी ह्यांचा अभ्यास आणि आमचा वेळ असे दोन वाटे राहिले नाहीत. ‘हलका’ विषय घेतला असता तर हे घरी लवकर आले असते, नाही असं नाही. पण आले असते ते दमून, आणि डोक्यात काय चाललंय ते आम्हाला कळलं नसतं.

तेव्हा तुम्ही निवडीत जरूर पडा, फक्त ‘सोपं काय’ असं विचारू नका. वर्ग किती वाजता सुटतो, लिखाण किती, मार्चमध्ये मुलांना शाळेची सुट्टी असते त्याच आठवड्यात काही सादर करायचं आहे का, हे विचारा. ते मास्टर्सचा प्रबंध लिहिणार असतील तर एखादा तरी इलेक्टिव्ह प्रबंधाच्या विषयाजवळचा घ्यायला सांगा, नाहीतर दोन्हीकडचं वाचन वेगळं पडतं आणि ते ओझं घरावरच येतं. पुढच्या पोस्टिंगला उपयोगी म्हणून एक विषय बहुतेक जण घेतात, तोही घेऊ दे. पण एक असा असावा की जो जेवणाच्या टेबलावर मांडता येईल. तो कुठला, हे यादी हातात आली की दोघांनी मिळून ठरवा, आणि मुलं मोठी असतील तर त्यांनाही शेजारी बसवा.