अमेरिकेत न्यायाधीशाला बेसबॉलच्या अंपायरची उपमा देतात. बेसबॉलप्रेमी म्हणून ती तुम्हाला पटते का?

अर्धी पटते. कुठली अर्धी, ते सांगायला मला नोव्हेंबर २०१६ मध्ये जावं लागेल. मी तेव्हाही क्लीव्हलँडमध्येच राहायचो आणि एका आठवड्यात दोनदा हरलो.

पहिली हार २ नोव्हेंबरची. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना, आमच्याच मैदानावर, शिकागो कब्जशी. कब्जनी १९०८ नंतर ही सिरीज जिंकली नव्हती, आम्ही १९४८ नंतर. दोन दुष्काळी तालुक्यांची एका धरणावरून मारामारी म्हणा. त्यातही ३-१ अशी आघाडी आम्ही घालवून बसलो होतो. (तेव्हा आमच्या टीमचं नाव 'इंडियन्स' होतं, ते अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरून. सांगलीच्या मावशीला मात्र वाटायचं, पोरगं आपल्याच लोकांच्या टीमला धरून आहे. २०२२ पासून आम्ही 'गार्डियन्स' झालो आणि मावशीला समजावण्याचं काम संपलं.)

आठवी इनिंग, दोन जण बाद, ६-४ ने मागे. समोर अरोल्डिस चॅपमन, ताशी शंभर मैलांच्या आसपास चेंडू टाकणारा. आमचा राजाय डेव्हिस काही होम रनसाठी प्रसिद्ध नव्हता. बॅट बरीच वर धरून उभा राहिला आणि त्याने चेंडू डावीकडच्या भिंतीपार धाडला. ६-६! मी सोफ्यावर उभा राहून ओरडलो, मुलगी दचकून उठली, बायको काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. नऊ इनिंग झाल्या आणि पाऊस आला. सतरा मिनिटं खेळ बंद. धाकट्या भावाचा दादर स्टेशनवरून मेसेज: "डकवर्थ-लुईस लावतात का रे तुमच्यात?" नाही लावत. दहाव्या इनिंगमध्ये त्यांनी दोन धावा काढल्या, आम्ही एक. ८-७. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, पण तक्रार करायला जागा नव्हती. पाऊस दोघांवर पडला होता.

दुसरी हार ८ तारखेची, अध्यक्षपदाच्या निवडणुकीची. फेब्रुवारीत न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया वारले, तेव्हापासून सर्वोच्च न्यायालयात एक खुर्ची रिकामी होती. अध्यक्ष ओबामांनी १६ मार्चला न्यायाधीश मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. अशा नावाला सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची, मंजुरी लागते. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनल यांचं म्हणणं, हे निवडणुकीचं वर्ष, जागा नवा अध्यक्ष भरेल. विरोधात मतं टाकून गार्लंडना पाडलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण मतदान नाही आणि सुनावणीसुद्धा नाही. माणूस पॅड बांधून पॅव्हेलियनमध्ये बसलेला, आणि तिकडे डाव संपल्याचं जाहीर! ट्रम्प निवडून आले आणि विषय मिटला. एप्रिल २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी ६० मतांची अट (चर्चा थांबवून मतदान घ्यायला शंभरातली एवढी मतं लागायची) मोडीत काढली आणि ट्रम्प यांनी सुचवलेले नील गोर्सच ५४-४५ ने त्या खुर्चीवर बसले.

आता तुमची उपमा. २००५ मध्ये सरन्यायाधीशपदाच्या सुनावणीत जॉन रॉबर्ट्स म्हणाले होते की आपलं काम बॉल की स्ट्राइक तेवढं सांगायचं, पिचिंग-बॅटिंग करायचं नाही. (न मारलेला चेंडू बॅट्समनसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल; ती चौकट म्हणजे स्ट्राइक झोन.) ऐकायला छान. पण स्ट्राइक झोन पुस्तकात एक असतो आणि मैदानावर प्रत्येक अंपायरचा आपापला. प्लेट सतरा इंच रुंद, खालची हद्द गुडघ्याच्या वाटीखाली, वरची खांदा नि पँटचा काठ यांच्या मधोमध, असं सगळं लिहून ठेवलेलं असूनही कुणी खालचा चेंडू स्ट्राइक देतो, कुणी देत नाही. खेळाडूंचं मागणं एवढंच, की पहिल्या इनिंगला जे दिलंस ते नवव्यालाही दे आणि दोन्ही टीमना दे. २०२६ च्या हंगामापासून तर खेळाडूला आपल्या डोक्यावर टकटक करून अंपायरविरुद्ध कॅमेऱ्याकडे दाद मागता येते. राज्यघटनेच्या अर्थासाठी कुणाच्या डोक्यावर टकटक करायची?

म्हणजे अंपायर आपला झोन सोबत घेऊन येतो, इथवर उपमा मला पटते, रॉबर्ट्सना तसं म्हणायचं नसलं तरी. न पटणारी अर्धी नेमणुकीची. पूर्वी कसोटीत यजमान देशाचेच पंच असायचे आणि पायचीतवरून काय रणं माजायची, ते आपल्याकडे सांगायला नको. बेसबॉलमध्ये अंपायर लीग नेमते, टीम नाही. न्यायालयाच्या बाबतीत मात्र अध्यक्षपद आणि सिनेट ज्या टीमकडे, अंपायर तिचा, आणि तोही तहहयात.

चार वर्षांनी पुन्हा निवडणुकीचं वर्ष, पण आता अध्यक्ष आणि सिनेट दोन्ही रिपब्लिकनांकडे. १८ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग वारल्या आणि २६ ऑक्टोबरला त्यांच्या जागी एमी कोनी बॅरेट ५२-४८ ने आल्यासुद्धा. निवडणूक आठ दिवसांवर होती. पहिल्या इनिंगचा बॉल नवव्या इनिंगला स्ट्राइक!

हेच वाक्य मी तेव्हा कुंपणावरून शेजाऱ्याला ऐकवलं. पक्का रिपब्लिकन आणि पक्का क्लीव्हलँडवाला. २०१६ च्या त्या रात्री एक वाजता आम्ही दोघं ओल्या ड्राइव्हवेवर काही न बोलता उभे होतो. तो शांतपणे म्हणाला, "अध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट दुसऱ्याची असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. आणि खालच्या कोर्टांसाठी साठ मतांची अट २०१३ ला तुमच्याच लोकांनी काढली ना? आज सिनेट तुमच्याकडे असती, तर तुम्ही थांबला असतात?"

मी म्हटलं, पानं फार पडलीत, रविवारी तुझा ब्लोअर मिळेल का?