साक्षीदारही तुम्ही, वारसही तुम्ही: विहिरीचं कर्ज जरा थांबवा

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यातले हिंदू शेतकरी. वडिलांनी स्वतः विकत घेतलेलं चार एकर रान मृत्युपत्रानं मला दिलंय. साक्षीदार मी आणि शेजारचे काका. बहीण परभणीला असते. गावात म्हणतात, ज्याला मिळतं त्यानंच सही केली की मृत्युपत्र रद्द. सहा लाखांचं कर्ज काढून त्या रानात विहीर आणि ठिबक करू का?

उत्तर : मृत्युपत्र रद्द होत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 67 प्रमाणे साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला दिलेला वाटा बाद होतो, बाकीचं मृत्युपत्र टिकतं. ख्रिस्ती कुटुंबांनी हे जरूर लक्षात ठेवावं. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना मात्र हे कलम लागू नाही. त्यांच्यासाठीच्या तिसऱ्या परिशिष्टात ते घेतलेलंच नाही.

तरीही मला तुमची काळजी वाटते. उद्या बहिणीनं हरकत घेतली, तर सही करणाऱ्या एका तरी साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागेल. तोवर काका नसले तर उरता तुम्हीच. ज्याला रान मिळणार, त्याचीच साक्ष. लाभ घेणाऱ्यानंच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर तो संशय त्यानंच दूर करायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1959 मध्ये वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलं आहे.

वडील हयात आहेत, तोवर हे सहज सुधारता येतं. त्यांनी नवं मृत्युपत्र करावं, त्यात जुनं रद्द केल्याचं लिहावं. साक्षीदार दोन, सज्ञान पण वडिलांपेक्षा तरुण, वाटा नसलेले. एक डॉक्टर असले तर उत्तमच. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्कही लागत नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच. त्या दिवशी तुम्ही खोलीबाहेर थांबा. बहिणीला काय द्यायचं की नाही, तेही वडिलांनीच कारणासह लिहावं.

आता कर्ज. वडील असेपर्यंत मृत्युपत्रानं तुम्हाला कसलाच हक्क मिळत नाही. ते कधीही बदलू शकतात. सातबारा त्यांच्या नावावर आहे, त्यामुळे तारणाला सही त्यांचीच लागेल. मुलाला शेतजमिनीचं बक्षीसपत्र करायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे (काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा), पण दिलेलं रान सहजी परत मिळत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातचं रान स्वस्तात होतंय म्हणून काढून घेऊ नका. विहीर त्यांना हवी असेल तर कर्ज त्यांच्या नावानं, तुम्ही सहकर्जदार, आणि तेही नवं मृत्युपत्र नोंदवल्यावर. ठिबकच्या अनुदानाचा अर्जही त्यांच्याच नावानं करा.