म्युनिकनंतरचे साडेपाच महिने

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेखाचा मसुदा सावकाश वाचला. मेहनत दिसते. पण त्यात चेकोस्लोव्हाकिया म्हणजे नुसता बळी: ३० सप्टेंबर १९३८ ला म्युनिकमध्ये जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स या चार सत्तांनी करार करून त्याचे लचके तोडले, १५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, संपलं. मधल्या काळाला तू एक ओळ दिलीस. तुझा खरा लेख तिथेच आहे.

त्या महिन्यांत प्रागमध्ये परकं सैन्य नव्हतं. बर्लिनचा दबाव होता, हे मान्य. तरीही अपमानाने पोळलेल्या चेक समाजातल्या अनेकांनी राग काढला तो आपल्याच माणसांवर. ज्यू सहकाऱ्यांना व्यवसायातून दूर करा, असं डॉक्टर-वकिलांच्या संघटना म्हणू लागल्या. लोकशाहीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लेखक कारेल चापेकवर वर्तमानपत्रांतून चिखलफेक झाली. त्याच नाताळात तो वारला. बहुतेक पक्ष 'राष्ट्रीय ऐक्या'च्या एकाच पक्षात विरून गेले. हे बारकाईने वाच.

स्लोव्हाकियावर, म्हणजे देशाच्या पूर्वेकडच्या भागावर, लिहिताना जास्त जपून. स्लोव्हाकांना स्वतःचं प्रशासन, विधिमंडळ आणि न्यायालयं मिळतील, असं अमेरिकेतल्या चेक आणि स्लोव्हाक स्थलांतरितांच्या संघटनांनी केलेल्या १९१८ च्या पिट्सबर्ग करारात ठरलं होतं. ते पाळलं गेलं नाही. ती तक्रार खरी होती, खोडू नकोस. पण तिच्याच जोरावर आंद्रेय ह्लिंकांचा स्लोव्हाक राष्ट्रवादी पक्ष वाढला, आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये स्वायत्तता हाती येताच त्याने विरोधकच उरू दिले नाहीत. डिसेंबरच्या निवडणुकीत उमेदवारांची यादी एकच होती. १४ मार्च १९३९ ला हिटलरच्या छत्राखाली वेगळं राज्य झालं. त्याचा अध्यक्ष झाला योझेफ टिसो, एक कॅथलिक धर्मगुरू.

२५ मार्च १९४२ ला स्लोव्हाकियातल्या पोप्राडहून सुमारे हजार ज्यू मुली-तरुणी ऑशविट्झला रवाना झाल्या. ऑक्टोबरपर्यंत सुमारे ५८,००० ज्यू माणसं देशाबाहेर नेली गेली. माणसं गोळा करणारे हात स्लोव्हाक होते, आणि नेलेल्या प्रत्येकामागे ५०० मार्क जर्मनीला द्यायचं स्लोव्हाक सरकारने कबूल केलं होतं. हा ५०० मार्कांचा आकडा तळटीपेत नको, मजकुरात घे. मला तो आजही झोपू देत नाही.

याच देशात २९ ऑगस्ट १९४४ ला बान्स्का बिस्त्रित्सामधून टिसो आणि जर्मन दोघांविरुद्ध उठाव झाला. त्याला पुरेशी जागा ठेव. आणि युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या सुमारे तीस लाख जर्मनांना हाकलून दिलं गेलं, तेही घे. चेक वाचकाला बोचलं तरी. सुधारलेला मसुदा महिनाअखेरीस पाठव.