खवले मांजराला 'पार्टी' आहे म्हणतात, काय करावं?

राजापूरकडे तुमच्या काजूच्या बागेला लागून खवले मांजराचं (पँगोलिनचं) बीळ आहे, चुलतभाऊ म्हणतोय 'पार्टी तयार आहे, लाखांत व्यवहार होईल', आणि तक्रार केली तर भावकीत वाकडं येईल, असा तुमचा पेच आहे. सगळ्यात आधी तुम्ही इथे टाकलेला बिळाचा फोटो काढून टाका. मागच्या बागेची पाटी स्पष्ट वाचता येतेय.

आता ही पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक. भाऊ ज्याच्याशी बोलतोय तो बहुतेक मधला माणूस असणार, आणि त्याच्याही पुढे दुसरा मधला. जनावराचा व्हिडिओ मागवायचा, तो चार ग्रुपवर फिरवायचा आणि प्रत्येकाने आपलं कमिशन वर चढवायचं, असा हा धंदा चालतो. लाखांचा आकडा तिथेच जन्माला येतो. बरं, शेवटी हायवेवरच्या हॉटेलात गाठ पडते ती पुष्कळदा पोलिसांनी किंवा वनखात्याने पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकाशी. पिशवी ज्याच्या हातात तो पहिला आत, आणि तो बहुधा गावचाच पोरगा असतो. मधला तोवर फोन बंद करून मोकळा.

खवले मांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. वर गाडी जप्त. हप्ते फिटायचेत अशी बोलेरो असेल तर हा मुद्दा भावाला सात वर्षांपेक्षा लवकर पटेल!

खवल्यांत औषध काही नाही. आपल्या नखांत असतं तेच केराटिन. चीनने 2020 मध्ये आपल्या अधिकृत औषधांच्या यादीतून हे खवले काढून टाकले, तरी आपल्याकडे अंगठी केली की मूळव्याध जाते म्हणणारे आहेतच. बिचाऱ्याला दात नाहीत, खातं मुंग्या आणि वाळवी, आणि पिल्लू साधारण वर्षाला एकच. घाबरलं की चेंडूसारखं गुंडाळतं. बिबट्यापुढे ही युक्ती चालते, माणूस मात्र सरळ उचलून गोणत्यात टाकतो. म्हणून एका गावातून दोन-तीन गेली तरी तिथली पैदास संपू शकते.

भावाशी तुम्ही एकट्याने वाद घालू नका. त्याला ऐकावं लागेल अशा कुणाकडून, काका किंवा पोलीस पाटलांकडून, कानावर घाला, आणि तेही जनावर बिळात आहे तोवरच. एकदा गोणत्यात गेलं की समजावण्याची वेळ गेली. बेणणीला येणाऱ्या गड्यांसमोर बिळाचा विषय नको. कुंपणाच्या खिंडीत क्लचवायरची फासकी दिसली तर फोटो घेऊन वनरक्षकाला दाखवा. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटेही अडकतात, आणि अडकलेला बिबट्या सोडवायला कुणी गावकऱ्याने जाऊ नये. खवले मांजर घराजवळ आलं तर टोपलीखाली झाकणं, दूध पाजणं, सेल्फी हे काही नको. ते कोंडलेलं फार जगत नाही.

गाव जनावराच्या बाजूने वळवता येतं, हे आपल्या रत्नागिरीतच दिसलंय. वेळासला कासवांची अंडी चोरीला जायची. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये काम सुरू केलं आणि पुढे तेच गाव कासव महोत्सवासाठी पाहुणे ठेवू लागलं. डुगवे गावात 2020 मध्ये खवलोत्सव झाला, खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून नाचवली. मला हा उपाय पोस्टर-बॅनरपेक्षा पक्का वाटतो, कारण पालखीत बसलेल्याला गोणत्यात भरताना कोकणी माणूस दहादा विचार करतो. पण त्याला वर्षं लागतात, तुमच्याकडे कदाचित आठवडा आहे.

तेव्हा वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर किंवा तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करा. नाव गुप्त ठेवायला सांगा. भावाचं नाव घ्यायची गरज नाही. बीळ आहे, त्यावर लोकांचा डोळा आहे, रात्रीची गस्त हवी, एवढं सांगितलंत तरी चालेल.