किनाऱ्यावर पहिल्यांदा निघताय? आधी तिथी बघा

भरती-ओहोटीचं ॲप नंतर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमीला पावणेचारच्या सुमारास. मग सहा तासांनी ओहोटी. खडपं, म्हणजे ओहोटीला उघडे पडणारे खडक, बघायची तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे सहाला हाजीअलीला या. पाणी खूप मागे जातं. दगड उचलून खाली बघितलात, तर होता तसाच ठेवा. चप्पल घालून येऊ नका. शेवाळावरून घसरून मी गुडघा फोडून घेतलाय. पाणी वळलं की लगेच निघायचं, शेवटचा फोटो राहिला तरी.

जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. तेव्हा जुहूला वाळूवर ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे डसणारे जीव, दिसतील. निळा फुगा, मागे दोऱ्यासारखे लांब धागे. सुकलेला वाटला तरी हात लावू नका, तोही डसतो. गणपतीच्या दिवसांत गिरगावला पाण्यात पाय घासत चाला. 2013 मध्ये तिथे विसर्जनाला पाकटांनी (शेपटीत काटा असलेले चपटे मासे) बऱ्याच जणांना दंश केला होता. पाय घासला की पाकट आपणच सरकतं.

थंडीत शिवडीला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. तिथेही ओहोटीच बघून जा, पण पाणी फार लांब गेलं की पक्षीही लांब जातात.