पगार पुण्यातून, कायदा जर्मनीचा

या वेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न जर्मनीतले आहेत. पुणे-नाशिककडच्या लहान कंपन्या तिथं आपलं एखादं माणूस नेमू लागल्या आहेत आणि तिथं स्थायिक झालेले मराठी व्यावसायिकही माणसं ठेवताहेत. बहुतेक पत्रांत एक समजूत सारखी दिसते: कंपनी आपली, पैसे आपले, करार आपण लिहिलेला, मग नियमही आपलेच. तसं नसतं. माणूस एरवी ज्या देशात राहून रोजचं काम करतो, त्या देशाचा कामगार कायदा त्याला लागतो. पत्रं थोडक्यात दिली आहेत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

भोसरीत आमचं सुट्या भागांचं वर्कशॉप आहे. स्टुटगार्टजवळच्या गिऱ्हाइकांसाठी तिथंच राहणारा एक मराठी सेल्स इंजिनिअर घेतोय. महिना ४,००० युरो ठरलेत. तो म्हणतो, पगार माझ्या पुण्याच्या खात्यात रुपयांत टाका. चालेल का? आणि ४,००० च्या वर आम्हाला किती पडेल?

रुपयांत चालणार नाही. तिथल्या उद्योगविषयक कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे पगार युरोत मोजायचा आणि युरोतच द्यायचा. पैसे तुमच्या भारतातल्या बँकेतून गेले तरी हरकत नाही, त्यासाठी जर्मनीत खातं असायलाच हवं असंही नाही. दर महिन्याचं पगारपत्रक मात्र तिथल्या पद्धतीची लागते.

आता खर्च. २०२५ च्या दरांनी हिशेब मांडतो, म्हणजे अंदाज येईल. पेन्शन विम्याचा एकूण दर १८.६ टक्के, त्यातला निम्मा, म्हणजे ३७२ युरो, तुमच्याकडे. बेकारी विम्याचे ५२. आरोग्य विम्याचा मूळ दर १४.६ टक्के आणि त्यावर विमा संस्थेचा जादा दर सरासरी २.५ टक्के, त्याचा निम्मा ३४२. वृद्धापकाळातल्या शुश्रूषेच्या विम्याचे ७२. बेरीज ८३८. त्याशिवाय अपघात विमा पूर्णपणे मालकाचा आणि आजारपण व बाळंतपणासाठीच्या छोट्या आकारण्या वेगळ्या. म्हणजे ४,००० ला माणूस ठरवला, तर तो तुम्हाला ४,८५० ते ४,९०० च्या घरात पडतो. त्याच्या हातात मात्र, तो अविवाहित असला तर, साधारण २,६०० च येतात, कारण त्याचा अर्धा विमा आणि आयकरही त्या ४,००० मधूनच जातो. बोलणी करताना ‘चार हजार’ म्हणजे कपातीआधीचे की हातात येणारे, हे आधीच स्पष्ट करा. नेमणुकीनंतरची निम्मी कटुता इथूनच सुरू होते.

ही रक्कम भरायला सरकारी रोजगार संस्थेकडून आठ आकडी आस्थापना क्रमांक, बेट्रिब्सनुमर, घ्यावा लागतो. तुमचं जर्मनीत कार्यालय नसल्यामुळे तिथं पत्ता असलेला एक मुखत्यार नेमणं कायद्यानं बंधनकारक आहे. बहुधा पगाराचं काम करणारा श्टॉयरबेराटर, म्हणजे तिथला कर सल्लागार, हे पाहतो. विम्याची रक्कम त्याच महिन्याच्या शेवटून तिसऱ्या बँक दिवसापर्यंत जमा व्हायला हवी. पगार पुढच्या महिन्यात करायची तुमची पद्धत असली तरी ही तारीख हलत नाही.

आणि एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. या इंजिनिअरला ऑर्डर पक्की करून कराराची सही करायचा अधिकार दिलात, किंवा दर वेळी तोच ऑर्डरी पक्क्या करू लागला, तर जर्मन करखातं तुमच्या वर्कशॉपचं तिथं कायम ठाणं आहे असं धरू शकतं. मग त्या नफ्यावरचा करही तिथं येतो. त्याच्या कामाचं वर्णन लिहिण्याआधी भारत-जर्मनी करकराराची माहिती असलेल्या सीएला गाठा.

आमच्याकडे कोथरूडला सहा वर्षं काम करणारी एक मुलगी लग्नानंतर म्युनिकला गेली. हुशार आहे, सोडवत नाही. ती तिथून घरूनच काम करते, पगार पूर्वीसारखा पुण्यात, पीएफही चालू. १८३ दिवसांच्या आत काही नाही असं ऐकलंय.

हा १८३ दिवसांचा नियम जितका पसरलाय तितकाच चुकीच्या ठिकाणी लावला जातो. तो फक्त आयकराचा आहे, आणि तोही भारतात राहणारा माणूस थोड्या काळासाठी तिथं गेला तर. ती आता म्युनिकची रहिवासी आहे. तिला तो पहिल्या दिवसापासून लागू नाही. विमा आणि कामगार कायद्याला तर १८३ दिवसांशी काही देणंघेणंच नाही.

भारत आणि जर्मनीमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. कंपनीनं स्वतः माणूस पाठवला, तर पीएफ कार्यालयाकडून कव्हरेज प्रमाणपत्र, म्हणजे माणसाचा पीएफ भारतात चालू असल्याचा दाखला, घेऊन ४८ महिन्यांपर्यंत जर्मनीतल्या पेन्शन विम्यातून सूट मिळते. आरोग्य विमा त्यात येत नाही. पण तुमच्याकडची ही मुलगी संसारासाठी गेली, तुम्ही तिला कामावर पाठवलेलं नाही. त्यामुळे ही वाट तुम्हाला बंद आहे. तिला जर्मनीतली कर्मचारी म्हणून नोंदवा, वरच्या उत्तरातलं सगळं तसंच लागू होईल. पीएफचं खातं तिचंच राहील, नवी भर थांबेल. तिची काळजी आहे म्हणून तुम्ही विचारलंत हे दिसतंय. मग हेही पाहा की नोंदणी नसेल तर तिचे तिथल्या पेन्शनचे महिने मोजले जात नाहीत, आणि बाळंतपणाच्या वेळी पगार व विमा दोन्हीची ओढाताण तिच्या वाट्याला येते.

त्यापेक्षा तिला फ्रीलान्सर करून महिन्याला बिल घेतलं तर? (वरच्याच वाचकांचा पुढचा प्रश्न)

करू नका. एकच गिऱ्हाईक, ठरलेली रक्कम, तुमचा लॅपटॉप, सकाळच्या मीटिंगला हजेरी, रजेसाठी तुमची परवानगी: हे सगळं असताना कागदावर काहीही लिहा, तिथला पेन्शन विभाग तिला नोकरच ठरवतो. मग चार वर्षांपर्यंतची थकबाकी निघते आणि जाणूनबुजून केलं असं ठरलं तर तीस वर्षांपर्यंतची. उशिराचा आकार महिन्याला एक टक्का. तिच्या वाट्याची रक्कमही तुम्हालाच भरावी लागते, कारण मागे राहिलेला हिस्सा पुढच्या तीन पगारांतूनच कापून घेता येतो, त्यानंतर साधारणपणे नाही. जाणीवपूर्वक विमा न भरणं हा तिथं फौजदारी गुन्हा आहे.

खरोखरच स्वतंत्र काम करणारी, चार गिऱ्हाइकं सांभाळणारी व्यक्ती असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही पेन्शन विभागाकडे अर्ज करून दर्जा आधी ठरवून घेता येतो.

जर्मनीतला आमचा माणूस तिसऱ्याच महिन्यात आजारी पडला. पाच आठवडे झाले. काय आजार आहे ते सांगत नाही, डॉक्टरचे रिपोर्ट मागितले तर पाठवत नाही. पगार द्यायचाच का?

द्यायचाच. नोकरीचे पहिले चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालकाकडून मिळतो. त्यानंतर आरोग्य विमा संस्था, क्रांकेनकासे, भत्ता देते. आजार काय हे विचारण्याचा हक्क तुम्हाला नाही. डॉक्टरच्या दाखल्यात फक्त किती दिवस काम जमणार नाही एवढंच असतं, आणि २०२३ पासून सरकारी विमा असलेल्यांचा दाखला विमा संस्थेकडून मालकाला ऑनलाइन पाहता येतो. तुमचा पगार करणारा माणूस तो उतरवून घेईल. तीसपर्यंत कर्मचारी असलेल्या मालकांना या पगारातला काही भाग विमा संस्थेकडून परत मिळतो. तुम्ही त्यात बसता का, हे त्याच्या क्रांकेनकासेला आजच विचारा.

रिपोर्टसाठी त्याच्या मागे लागू नका, ही माझी कळकळीची विनंती. पाच आठवडे अंथरुणावर असलेला माणूस परक्या गावात एकटा असू शकतो. फोन करायचा तर चौकशीसाठी करा.

आमच्या नाशिकच्या कंपनीचे चार लोक जर्मनीत आहेत. त्यांतल्या एकाचं काम १४ महिने झाले तरी समाधानकारक नाही. एचआरनं महिन्याची नोटीस ईमेलनं, सही स्कॅन करून पाठवली. तो म्हणतो, ही नोटीसच नाही. आम्ही पगार थांबवलाय.

तो बरोबर बोलतोय, आणि पगार थांबवलात ही दुसरी चूक झाली. जर्मन नागरी संहितेचं कलम ६२३ स्पष्ट आहे: नोकरी संपवण्याची सूचना कागदावर, शाईच्या मूळ सहीनं द्यावी लागते. ईमेल, व्हॉट्सॲप, स्कॅन, डिजिटल सही यांपैकी काहीही चालत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्याची नोकरी आजही चालू आहे आणि पगार चढतोय. तो आधी पूर्ण द्या.

नवी नोटीस देताना कागद नीट तयार करा. सही संचालकाची असावी. दुसऱ्या कुणाची असेल तर अधिकारपत्राची मूळ प्रत सोबत जोडा, नाहीतर तो लगेच ती परत करू शकतो. मुदत चार आठवड्यांची आणि ती महिन्याच्या १५ तारखेला किंवा अखेरीस संपली पाहिजे. नोकरी दोन वर्षांची झाली की मालकासाठी ती एक महिना, पाच वर्षांनी दोन महिने, अशी वीस वर्षांनंतर सात महिन्यांपर्यंत वाढते. सुरुवातीच्या परिवीक्षा काळात, जो जास्तीत जास्त सहा महिन्यांचा ठेवता येतो, दोन आठवडे पुरतात.

कागद पोचवणं हे वेगळं काम आहे. नाशिकहून कुरिअर केलं आणि ‘डिलिव्हर्ड’ दिसलं, तर पाकिटात काय होतं हे कोर्टात सिद्ध करणं अवघड. तिथले लोक करतात ते करा: ओळखीच्या माणसाला पत्र वाचायला द्या, त्याच्यासमोर पाकीट बंद करा, तो ते दुपारच्या आत कर्मचाऱ्याच्या टपालपेटीत टाकेल आणि तारीख, वेळ, पत्ता लिहून सही करेल. हा माणूस पुढे साक्षीदार.

नोटीस हातात पडल्यापासून त्याला कामगार न्यायालयात जायला तीन आठवडे मिळतात. तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे. नोकरीवरून काढण्याविरुद्धचं मोठं संरक्षण सहा महिन्यांनंतर आणि दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेतच लागतं, आणि सर्वसाधारणपणे जर्मनीतली माणसंच मोजली जातात, नाशिकची नाहीत. तुमची चार आहेत. त्यामुळे कारण सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर नाही. पण तो गंभीर अपंगत्वाचा दाखला असलेला असेल, किंवा ही सूचना गरोदर कर्मचारी स्त्रीला द्यायची असती, तर सरकारी खात्याच्या परवानगीशिवाय एक पाऊलही टाकता आलं नसतं.

उरलेल्या रजेचे पैसे द्या. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान वीस रजा कायद्यानंच आहेत. कामाचा लेखी दाखलाही द्यावा लागतो आणि त्यात त्याच्या पुढच्या नोकरीत अडथळा येईल असं विनाकारण लिहिता येत नाही. आपल्याकडे रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवायची सवय काही ठिकाणी आहे. ती तिथं नेऊ नका.

करारात ‘दोन वर्षांचा बाँड, सोडल्यास पाच लाख, वाद पुणे न्यायालयात’ असं लिहिलंय. पुरेसं आहे ना?

नाही. युरोपीय नियमांनुसार करारात भारतीय कायदा निवडला तरी कामाच्या ठिकाणचं सक्तीचं संरक्षण काढून घेता येत नाही, आणि कर्मचारी जिथं नेहमी काम करतो तिथल्या न्यायालयात जाऊ शकतो. खऱ्या, खर्चिक प्रशिक्षणाचे पैसे काही अटींवर परत मागता येतात. नुसता बाँड टिकत नाही. सोडल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये असं वाटत असेल, तर त्या काळात निदान अर्धा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो, आणि तोही जास्तीत जास्त दोन वर्षं.

फ्रँकफर्टला माझं छोटं उपाहारगृह आहे. शिकायला आलेली मराठी मुलं संध्याकाळी मदतीला येतात. तासाला दहा युरो रोख आणि पोटभर जेवण देतो. मुलं खूश आहेत. तरी मन खात राहतं.

मन खातंय ते योग्य आहे. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. मुलं स्वखुशीनं कमी घेत असली तरी तो हक्क त्यांना सोडता येत नाही, आणि जेवण दिल्यानं तो कमी होत नाही. दंडाची मर्यादा पाच लाख युरोंपर्यंत आहे.

उपाहारगृहांवर तिथल्या कस्टम खात्याची खास नजर असते. माणूस कामाला लागायच्या आधी त्याची तात्काळ नोंद ऑनलाइन करावी लागते, त्याच्याकडे पासपोर्ट किंवा ओळखपत्र असावं लागतं, आणि रोजची सुरू-बंदची वेळ सात दिवसांच्या आत लिहून दोन वर्षं जपून ठेवावी लागते. साधी वही चालते. महिना ६०३ युरोंच्या आत बसणारं काम ‘मिनीजॉब’ म्हणून नोंदवता येतं, म्हणजे साधारण ४३ तास. त्यात मालक ठरावीक दराचा हप्ता भरतो आणि मुलांच्या हातात जवळजवळ सगळे पैसे पडतात.

तुमच्याहून जास्त धोका मुलांना आहे. युरोपबाहेरून शिकायला आलेल्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, चार तासांपर्यंतचा अर्धा दिवस. नोंद नसलेलं काम सापडलं तर त्यांच्या निवास परवान्यावर येऊ शकतं, आणि घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेलं शिक्षण मध्येच तुटू शकतं. या आठवड्यातच कर सल्लागाराकडे जा, मागच्या महिन्यांचा फरक मुलांना द्या, राहिलेली नोंदणी आणि भरणा तपासणी यायच्या आधी स्वतःहून पूर्ण करा. पुढच्या शनिवारी स्वयंपाकघरात जो कुणी उभा राहील, त्याची नोंद शुक्रवारीच झालेली असू द्या.