वाचक विचारतात : पदराची वाट धरा

प्रश्न : ताई, गेल्या दिवाळीत माउंटन बाइक घेतली. पुढे शॉक, मागे नाही, २९ इंची चाकं. लोणावळ्याहून राजमाचीला गेलो, तर दगडांवर चाकं अशी उसळली की मनगटं भरून आली. दुकानात ५५ पीएसआय हवा भरून दिली होती. पुढच्या खेपेला हवा खूप कमी केली, तर त्याच वाटेवर दोनदा पंक्चर. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडलेली. मित्र म्हणतो, सह्याद्री पायी चढायचा डोंगर आहे, सायकलवाल्यांनी हिमालयात जावं. खरं आहे का हे? आणि नववीतल्या मुलीला घेऊन कुठे जाता येईल?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही, खरं नाही. सह्याद्रीत सायकल उत्तम चालते. फक्त ती कुठून घालायची, हे डोंगराला विचारावं लागतं. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते आणि सुटी मिळाली की याच डोंगरांत सायकल काढते, म्हणून आधी दगडाचंच सांगते. टायरच्या हवेपर्यंतही तिथूनच पोचू.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि लाव्हा वाहत राहिला. एक थर थंडावला की त्यावर दुसरा, मग तिसरा. आज जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर हा काळा दगड, म्हणजे बसाल्ट, पसरलाय. नंतरच्या पावसापाण्याने तो कापला, पण थर आडवेच राहिले. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. घट्ट, ठोस बसाल्टचा थर उभा कडा धरतो. त्याच्या वरखाली वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला कच्चा दगड असतो, तो झिजतो आणि सपाटी सोडतो. या मधल्या सपाटीला आपल्याकडे पदर म्हणतात. कित्येक वाड्या, शेतं, गुरांच्या वाटा याच पदरात आहेत.

सायकलीची जागा इथे आहे. पदरातली वाट कड्याच्या पायथ्याने आडवी जाते, थोडी चढते, थोडी उतरते, ओढा आला की आत वळते आणि पुन्हा बाहेर येते. एका थरावरून खालच्या थरावर उतरवणाऱ्या वाटा मात्र घळीतून, नाळेतून किंवा सोंडेवरून जातात. तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तुमच्या मित्राने बहुधा अशाच वाटांवर हाल काढले असावेत. नकाशा उघडलात की आधी समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघा. वाट त्यांना समांतर धावत असेल तर निघा. एकामागून एक रेषा कापत जात असेल तर बूट घालून पायी जा, सायकल घरी ठेवा.

राजमाचीची निवड चांगली होती. लोणावळ्यापासून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंतची सुमारे १५ किलोमीटरची वाट मोठा कडा न उतरता जाते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले समोर येईपर्यंत पायांखालचा दगड सारखा बदलत राहतो. पुढच्या वेळी एखाद्या कापलेल्या उतारापाशी थांबा आणि हात लावून बघा. काळा ठोस दगड हाताला गार लागेल, त्यात भेगा असतील, पण ठिपके नसतील. त्याच्या वरखालच्या दगडात मटारएवढे पांढरे, कधी हिरवट ठिपके दिसतील. वायूचे बुडबुडे होते तिथे नंतर झिओलाइटसारखी खनिजं भरली, ते हे ठिपके. हा ठिपक्यांचा दगड नखाने उकरला तरी सुटतो. वाटेवर पसरलेला मुरूम म्हणजे हाच दगड कुजून झालेला चुरा. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटेसारखी लाल पट्टीही दिसते. एक लाव्हा थंडावून पुढचा येईपर्यंत जी जमीन उघडी पडली होती, ती वरच्या लाव्ह्याने भाजून निघाली. ही लाल माती ओली झाली की साबणासारखी निसरडी होते. पाणीही बरेचदा तिथेच झिरपतं.

हे कळलं की सायकल कशी चालवायची ते आपोआप कळतं. ठोस काळ्या दगडावर, तो कोरडा असेल तर, टायर घट्ट बसतं. तिथे धीर करून टप्पा उतरा, कंबर सीटच्या मागे न्या, पुढचं चाक हलकं ठेवा. कोरड्या मुरमावर याच्या उलट करायचं. वळणाच्या आधीच वेग उतरवायचा आणि वळणात पुढचा ब्रेक दाबायचा नाही. नवखे बहुतेक तिथेच पडतात, कारण एवढा वेळ दगडावर मिळालेली पकड पुढेही राहील असं त्यांना वाटतं.

आता हवा. ५५ पीएसआय हा डांबरी रस्त्याचा आकडा आहे. एवढी हवा असली की टायर दगडावर दबत नाही, उसळतं, आणि तो मार मनगटांना बसतो. खूप कमी केली की टायर पूर्ण दबून ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाते. शेजारी शेजारी पडलेली दोन भोकं ही त्या चिमट्याचीच खूण. तुम्ही सत्तर-पंचाहत्तर किलोचे असाल आणि टायर सव्वादोन इंची असेल, तर ट्यूब घालून ३० पीएसआयच्या आसपास ठेवा, पुढच्या चाकात एखाद-दोन कमी. पैसे घालायचेच असतील तर आधी ट्यूबलेस करून घ्या. ट्यूबच नसली की ती चिमटण्याचा प्रश्न उरत नाही, मग २४-२५ पर्यंत उतरता येतं. आतलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्रव, बाभळीच्या काट्याचं भोकही बुजवतं. पण टायर घेताना बाजू जाड असलेलं घ्या. बसाल्ट फुटतो तो धारदार, आणि वाटेवर नवी खडी टाकली असेल तर ती टायरची बाजू चिरते, तिथे सीलंट काही करू शकत नाही. म्हणून सोबत एक ट्यूब आणि जुन्या टायरचा हातभर तुकडा कायम ठेवा. चीर पडली की तो आतून लावायचा आणि ट्यूब घालून घर गाठायचं.

मुलीला जरूर न्या. पहिल्या वेळी राजमाचीचीच वाट, पण निम्म्यातून परत. आलो त्याच वाटेने परतायचं असल्यामुळे ती दमली की कुठूनही वळता येतं, आणि हे फार मोठं सुख आहे. उधेवाडीहून कोंढाण्याच्या लेण्यांकडे उतरणारी पाऊलवाट मात्र तिच्यासोबत धरू नका. तो कोकणात उतरणारा सरळ कडा आहे. दुसरी जागा नाणेघाटाची. जुन्नरकडून रस्त्याने पठारावर यायचं आणि तिथल्या गाडीवाटांवर फिरायचं. घाटाच्या दगडी पायऱ्यांवर आणि लेण्यापाशी सायकल नेऊ नका. सातवाहनांच्या काळातली वाट आहे ती, तिथे चालतच जावं. भीमाशंकर, कोयना किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीतल्या वाटेवर निघण्याआधी वनखात्याला विचारा.

दिवस कोणते? दसऱ्यानंतर गवत उंच असतं, त्यात दगड दिसत नाहीत. नोव्हेंबर ते जानेवारी मुरमात थोडी ओल असते, तो सगळ्यात सुंदर काळ. फेब्रुवारीपासून मुरूम सुटा होत जातो. पावसाळ्यात मी नवख्यांना नेत नाही. दगडावर माती पातळ आहे, ती पाणी फार धरत नाही. वर सर कोसळली की खालचा ओढा बघता बघता फुगतो.

आणि एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगायची आहे. या वाटा आपल्यासाठी कुणी बांधलेल्या नाहीत. गुरं, मोळीवाल्या बाया, शाळेत जाणारी मुलं यांच्या पायांनी त्या पडल्या. समोरून माणूस आला की आपण उतरायचं. म्हशी आल्या तर सायकल घेऊन डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या नव्हे. म्हैस घाबरून सरकली तर धक्का आपल्यालाच बसतो. मुलीला ब्रेक शिकवायच्या आधी हे शिकवा.

प्रश्न : कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत सायकल चालवता येते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : साताऱ्याहून कासपर्यंतच्या डांबरी घाटाने अवश्य जा, चढ छान आहे. पठारावर मात्र चाक नको. तिथे जांभ्याच्या कातळावर बोटभर माती आहे आणि सगळी फुलं तेवढ्यावर जगतात. चाकाने एकदा चर पडला की पावसाचं पाणी त्यातूनच वाहतं आणि उरलेली माती घेऊन जातं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास आहे. पण तसं नसतं तरी माझं उत्तर हेच असतं.

प्रश्न : आमच्या घरामागे मैलभर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, आहे. तिथे सराव केला तर चालेल? ब्रेकचे पॅड मात्र एका पावसाळ्यात संपले.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सड्यासारखी सरावाची जागा नाही. खडबडीत जांभा कोरडा असताना टायरला सोडत नाही, आणि तोल शिकायला सपाटी हवीच असते. पडलात तर कातडी सोलून निघते, म्हणून हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड घालाच. पण आधी गावातल्या जाणत्या माणसाला विचारा, या सड्यावर कातळशिल्पं आहेत का. कशेळीचा भव्य हत्ती, उक्षी, बारसू ही ठिकाणं लोकांना माहीत झालीत, पण मातीखाली आणि गवताखाली अजून शिल्पं सापडतात. कोरीव रेषा उथळ असतात, चाकाने त्यांच्या कडा तुटतात. संशय आला तरी उतरून चालत जा.

ब्रेकचं म्हणाल तर सोबत मिळतात ते बहुधा रेझिनचे पॅड असतात. ओल्या चिखलातली बारीक वाळू त्यांना पटकन खाते. पावसाळ्यापुरते धातूमिश्रित पॅड बसवा. ते जरा आवाज करतील, पण टिकतील. तुमची रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, त्या पॅडना चालते का, ते तिच्यावर कोरलेलं असतं. घेण्याआधी वाचून घ्या.